चिक चॉकलेट: मागून येणारी साथ की समोरून येणारं उत्तर?

(ठाणे आणि कल्याण-डोंबिवली परिसरातील श्रोत्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे. शेवटी प्रश्नोत्तरांतील निवडक भाग दिला आहे.)



संगीतावर बोलायचं म्हटलं की आपण गायकावर बोलतो, संगीतकारावर बोलतो, फार तर गीतकारावर बोलतो. आज आपण एका ट्रंपेटवादकावर बोलणार आहोत. चिक चॉकलेट हे त्यांचं रंगमंचावरचं नाव. खरं नाव अंतोनियो झेवियर वाझ. नाव अनेकांना नवीन असेल, पण आवाज मुळीच नवीन नाही. १९५१ चा 'अलबेला' आठवा. भगवानदादांची ती पावलं आजही ठाण्यातल्या विसर्जन मिरवणुकीत दिसतात. डोंबिवली-कल्याणच्या आसपासच्या गावांत हळदीला ब्रास बँड लागला की दिसतात. बँडवाला ट्रंपेट ओठाला लावतो आणि 'शोला जो भडके' सुरू झालं की पन्नाशीतले काकासुद्धा खुर्ची सोडून उठतात. गाणं कुणाचं, असं विचारलं तर चारजण सी. रामचंद्र सांगतील, दोघं लताबाईंचं नाव घेतील. त्या वाद्यवृंदात ट्रंपेट कुणाचा होता, हे विचारायची मात्र आपल्याकडे रीतच नाही.

या माणसाला दोन विशेषणं चिकटली. एक, 'हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग'. दुसरं, 'सहाय्यक'. पहिलं कौतुकाचं, दुसरं कामकाजाचं. या दोन्ही शब्दांनी त्यांचं खरं काम झाकून टाकलं, असं आम्हाला वाटतं. ते काम नेमकं काय होतं, हे आज तपासून पाहू.

आधी थोडं चरित्र. वाझ यांचा जन्म १९१६ चा, गोव्यातल्या बार्देशमधल्या हळदोणे गावचा. तेव्हा गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात होता आणि चर्चला जोडलेल्या शाळांमध्ये मुलांना संगीत शिकवलं जाई. सूर ओळखणं, पाच रेघांवरची स्वरलिपी वाचणं, व्हायोलिन धरणं, चर्चच्या गानवृंदात गाणं. म्हणजे दहा-बारा वर्षांचं पोर कागद समोर ठेवला की वाचून वाजवू शके. गोव्यात नोकऱ्या नव्हत्या. मग ही मुलं मुंबईला यायची, धोबीतलाव-माझगावच्या बाजूला आपापल्या गावाच्या 'कुडां'मध्ये, म्हणजे गावकऱ्यांनी मिळून चालवलेल्या वसतिगृहांत राहायची, आणि मिळेल तिथे वाजवायची. लग्न, मूकपटाचं थिएटर, पोलीस बँड, हॉटेल.

याच सुमारास मुंबईत एक वेगळी गोष्ट घडली. १९३५ मध्ये लिऑन ॲबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन बँडप्रमुख आपला जॅझ बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्यामागून ट्रंपेटवादक क्रिकेट स्मिथ आला, पियानोवादक टेडी वेदरफर्ड आला. आपल्या देशात ज्यांना मागच्या दाराने हॉटेलात शिरावं लागे, असे हे कलावंत. ते ताजच्या नाचघरात वाजवत होते आणि गोव्याची स्वरलिपी वाचणारी मुलं ते कान देऊन ऐकत होती. पुढे वेदरफर्डच्या बँडमध्ये गोव्याचे वादकही बसू लागले. ट्रंपेटवादक फ्रँक फर्नांड हे त्यांपैकीच एक. कागद वाचता येणं आणि जॅझ वाजवता येणं यांतलं अंतर या मुलांनी अशा सहवासात पार केलं. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर त्यांना तालीम मिळाली.

वाझ या पिढीतले. १९४० च्या दशकात 'चिक अँड द म्युझिक मेकर्स' हा त्यांचा बँड ताजमध्ये वाजत होता. वाजवण्यात, गाण्यात, रंगमंचावरच्या वावरण्यात त्यांनी आर्मस्ट्राँग आपला मानला होता. लोकांना ते आवडलं आणि लोकांनी उपाधी देऊन टाकली.

आता ही उपाधी जरा बाजूला ठेवून वाद्याकडे वळू. ट्रंपेट म्हणजे पितळेची नळी आणि तीन खटके. बस्स. तीन खटक्यांत सगळे सूर कसे निघतात? कारण अर्धं काम ओठ करतात. एकाच खटक्यावर ओठ आवळले की वरचा सूर निघतो, सैल सोडले की खालचा. आपली सनई घ्या. तिथे बोट भोकावरून हळूच सरकवलं की मींड येते. ट्रंपेटला हे सरकणं नैसर्गिकपणे येत नाही, त्याचे सूर पायऱ्यांसारखे सुटे असतात. मग जॅझवाला काय करतो? खटका अर्धाच दाबतो. ओठांनी सूर ओढतो. सूर सरळ धरून शेवटी त्याला कंप देतो. तोंडाशी म्यूट, म्हणजे बूच लावून आवाज दाबतो, कधी घशातून गुरगुरतो. सुट्या पायऱ्यांच्या वाद्यातून माणसाचा गळा काढण्याची ही धडपड आहे. याची किंमत ओठ मोजतात. खुद्द आर्मस्ट्राँगचे ओठ फाटून रक्त यायचं, हे प्रसिद्धच आहे.

आणि आता मुख्य मुद्दा. आर्मस्ट्राँगकडून घेण्यासारखं खरं काय होतं? रुमाल, घोगरा आवाज आणि रुंद हसू या दिसणाऱ्या गोष्टी झाल्या. १९२५ ची एक ध्वनिमुद्रिका आहे. बेसी स्मिथ ही थोर गायिका 'सेंट लुई ब्लूज' गाते आहे. सोबत दोनच वाद्यं. एक आर्मस्ट्राँगचा कॉर्नेट, म्हणजे ट्रंपेटचा धाकटा भाऊ. आणि दुसरं, ऐकून गंमत वाटेल, हार्मोनियम! फ्रेड लाँगशॉ नावाचा वादक ती वाजवतो आहे. बाई एक ओळ गाते, थांबते. त्या थांबलेल्या जागेत कॉर्नेट बोलतो. बाईंनी म्हटलेलं तो पुन्हा म्हणत नाही. तिच्या ओळीला तो उत्तर देतो. ती पुढची ओळ गाते, तो पुढचं उत्तर देतो. हार्मोनियम मात्र आपल्या ओळखीचंच काम करते, खाली आधार धरून बसते.

आता आपल्या मैफलीत या. ठाणं म्हणजे राम मराठ्यांचं गाव. कल्याणात गायन समाजासारखी जुनी संस्था आहे. इथल्या श्रोत्याला साथ म्हणजे काय, हे सांगायची गरज नाही. गायक जागा घेतो, हार्मोनियमवाला त्याच्या पावलावर पाऊल ठेवून तीच जागा मागून काढतो. चांगला साथीदार गायकाच्या वाटेत येत नाही. मागून येणं हा आपल्याकडच्या साथीचा धर्म आहे आणि तो मोठा कठीण धर्म आहे. भावगीतातही तेच. ओळ संपली की बासरी किंवा व्हायोलिन बहुधा त्याच ओळीची सावली धरतं.

'शोला जो भडके' या दृष्टीने ऐका. चालीचे तुकडे आखूड आहेत आणि तुकड्यांच्या मध्ये मोकळी जागा आहे. त्या जागा गाणाऱ्यासाठी सोडलेल्याच नाहीत. त्या वाद्यांसाठी आहेत. बाँगोचा ठेका खाली चालू आहे आणि फुंकवाद्यं गायकाला समोरून उत्तर देत आहेत. मनातल्या मनात ती उत्तरं पुसून टाका आणि नुसती चाल गुणगुणून बघा. जमतं का? आपण गुणगुणतो तेव्हा तोंडाने 'पँ पँ पँ' करून वाद्यांचे तुकडेही गातोच! ज्याच्यावाचून गाणं पूर्ण म्हणता येत नाही, त्याला साथ कसं म्हणायचं? ती चालीची उरलेली बाजू आहे.

ही गोष्ट मराठी माणसाला परकी का वाटली नाही, याचंही उत्तर आपल्याच मातीत सापडतं. तमाशातला सवाल-जवाब बघा. एका बाजूने सवाल, दुसऱ्या बाजूने जवाब, आणि दोन्ही बाजू तोलामोलाच्या. जवाब देणारा साथीदार नसतो. सी. रामचंद्र म्हणजे रामचंद्र चितळकर, नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे. रागदारीचं शिक्षण त्यांनी घेतलं होतं, बागेश्रीवर त्यांचा जीव होता, पण लोकांच्या कानात काय बसलेलं आहे हेही ते जाणत होते. भगवानदादा गिरणगावातून आलेले. या दोन मराठी माणसांनी 'अलबेला' उभा केला आणि त्यात ताजच्या नाचघरातला गोव्याचा ट्रंपेट आणून बसवला. चिक चॉकलेट आणि त्यांचे वादक त्या चित्रपटात पडद्यावरसुद्धा दिसतात. जॅझमधलं प्रश्नोत्तर आपल्या सवाल-जवाबाच्या जागी चपखल बसलं. म्हणून तर ती गाणी कलबात अडकून न पडता थेट गल्लीत उतरली, आणि गल्लीतल्या बँडने ती आजतागायत सोडली नाहीत.

त्याच चित्रपटात 'धीरे से आजा री' ही अंगाईसुद्धा आहे, हे विसरू नका. तिथे कुणी कुणाला उत्तर देत नाही. सगळं एका संथ सुरात वाहतं. एकाच संगीतकाराने एकाच चित्रपटात दोन वेगळी तंत्रं वापरली. म्हणजे ट्रंपेट कुठे बोलवायचा आणि कुठे नाही, हा निर्णय जाणीवपूर्वक घेतलेला होता.

मग वाझ यांचं काम प्रत्यक्षात काय असे? त्या काळची पद्धत अशी. संगीतकार हार्मोनियमवर चाल सांगणार, गाऊन दाखवणार. ती चाल कागदावर उतरवायची, कुठल्या वाद्याने कुठे यायचं ते ठरवायचं, प्रत्येक वादकासाठी त्याच्या वाद्याची वेगळी प्रत लिहायची, तालीम घ्यायची आणि मग ध्वनिमुद्रणाला उभं राहायचं. तेव्हा गायक आणि वाद्यवृंद एकत्रच मुद्रित होत. एकाची चूक झाली की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. हे लिहिणारे, बसवणारे लोक बहुतेक गोव्याचे. शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्याकडे सेबॅस्टियन डिसोझा. सी. रामचंद्रांकडे जॉन गोम्स आणि चिक चॉकलेट. मदन मोहन यांच्याकडेही चिक यांनी काम केलं. पडद्यावर अशा माणसाच्या नावापुढे शब्द यायचा तो फार तर 'सहाय्यक'.

१९५७ च्या 'आशा'मधलं 'ईना मीना डीका' घ्या. मुलांच्या मोजणीच्या खेळातून ते सुचलं आणि जॉन गोम्स यांनी त्यात 'मला नको' अशा अर्थाचे कोकणी शब्द घातले, अशी हकिकत सांगतात. आख्खा देश ते गाणं गातो आणि आपण मध्येच कोकणी बोलतो आहोत, हे फार थोड्यांच्या लक्षात येतं. गोव्याच्या वादकांचं या संगीतातलं स्थान अगदी असंच आहे. ऐकू सगळ्यांना येतं, ओळखत कुणी नाही.

इथे थोडा आर्थिक भागही बघायला हवा, नाहीतर हे सगळं हौसेखातर चाललं होतं असं वाटेल. स्वातंत्र्यानंतर हॉटेलांतला गोरा ग्राहक गेला. १९४९ चा मुंबईचा दारूबंदी कायदा आला. दारू नाही तर रात्रीचा धंदा नाही, धंदा नाही तर बँडला पैसे नाहीत. हॉटेलातलं काम आटत गेलं आणि हे वादक दिवसा स्टुडिओत वळले. तिथे मजुरी रोख होती, पण ती त्या दिवसापुरती. तबकडी पुढे पन्नास वर्षं विकली गेली तरी वादकाचा तिच्यावर हक्क नव्हता. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात वादकाच्या सादरीकरणाला स्वतंत्र हक्क दिलेला नव्हता. तो आला १९९४ च्या दुरुस्तीने. वाझ १९६७ मध्ये, वयाच्या ५१ व्या वर्षी गेले होते. 'सहाय्यक' हा शब्द नुसता मानापमानाचा प्रश्न नव्हता, तो पोटाशीही जोडलेला होता.

आपल्याच नाटकांच्या जाहिराती आठवा. संगीत नाटकाच्या जाहिरातीत ऑर्गन कुणाचा, तबला कुणाचा, हे छापलेलं असे. गडकरी रंगायतनला नाट्यसंगीताची मैफल असली तर साथीदारांची नावं निवेदक आधी सांगतो आणि आपण टाळ्या देतो. म्हणजे नाव घेण्याचा संस्कार आपल्याकडे आहे. चित्रपटगीताच्या बाबतीत तो आपण लावला नाही, इतकंच.

आता टीकेची दुसरी बाजू. आरती ओवाळायला आपण इथे जमलेलो नाही.

चिक चॉकलेट यांनी स्वतंत्र संगीतकार म्हणूनही काम केलं. देव आनंद आणि मधुबाला यांचा 'नादान' १९५१ चा, म्हणजे 'अलबेला'च्याच वर्षीचा. पुढच्या वर्षी 'रंगीली'. 'नादान'मधलं तलत महमूद यांचं 'आ तेरी तस्वीर बना लूँ' आजही ऐकलं जातं. ते ऐकताना एक गोष्ट जाणवते. ताज गाजवणारा हा ट्रंपेटवाला स्वतः चाल बांधायला बसला तेव्हा त्याने मृदू, कापऱ्या गळ्याचं गाणं बांधलं. म्हणजे या माणसाच्या आत आर्मस्ट्राँगखेरीज बरंच काही होतं. पण ते फुलवायला लागणारा दहा-बारा चित्रपटांचा पल्ला त्यांना मिळाला नाही. ट्रंपेटची ओळख इतकी मोठी झाली की संगीतकार म्हणून कुणी त्यांच्याकडे फारसं पाहिलंच नाही. उपाधीचा तोटा असा होतो.

दुसरी मर्यादा जॅझच्या अंगाने. १९४० च्या दशकात अमेरिकेत चार्ली पार्कर, डिझी गिलेस्पी या मंडळींनी जॅझला नाचघरातून उचलून बसून ऐकायच्या संगीताकडे नेलं. मुंबईच्या हॉटेलात लोक नाचायला येत. वादकाला नाचणाऱ्यांचे पाय सांभाळावे लागत. चिक यांचं नाव ज्या वादनासाठी घेतलं जातं ते आधीच्या, नाचाच्या जॅझचं. रागसंगीत आणि जॅझ यांना एकत्र आणण्याचा सरळ प्रयत्न शंकर-जयकिशन यांच्या 'रागा जॅझ स्टाइल' या तबकडीत झाला, रईस खान यांची सतार आणि जॉन परेरा यांचा ट्रंपेट घेऊन. ती आली १९६८ मध्ये, चिक गेल्यानंतर वर्षभराने. ते असते तर त्या वाटेने गेले असते का, हा तर्क आम्ही करणार नाही. जे झालं त्यावर मोजायचं तर जॅझचा नवा विचार मांडणारे म्हणून त्यांना मोठं म्हणता येणार नाही. ते मोठे आहेत अनुवादक म्हणून. एका संगीताचं व्याकरण त्यांनी दुसऱ्या संगीताच्या बोलीत उतरवलं आणि वाचणाऱ्याला अनुवादाची शिवण दिसू दिली नाही. मराठीत आपण चांगल्या अनुवादकाचं नाव मुखपृष्ठावर छापायला हळूहळू शिकलो. इथेही तेच करावं लागेल.

काही नावं परत आली आहेत, हेही सांगायला हवं. प्यारेलाल यांनी आपले व्हायोलिनचे गुरू अँथनी गोन्साल्विस यांचं नाव १९७७ मध्ये 'अमर अकबर अँथनी'च्या गाण्यातून घराघरात पोचवलं. ख्रिस पेरी यांची गाणी २०१४ च्या 'नाचुया कुंपासार' या कोकणी चित्रपटाने पुन्हा लोकांसमोर आणली. नरेश फर्नांडिस यांनी 'ताज महाल फॉक्सट्रॉट' या २०१२ च्या पुस्तकात मुंबईच्या जॅझची सगळी कहाणी लिहिली, त्यात चिक चॉकलेट आहेत. इंग्रजीत हे काम झालं. मराठीत सी. रामचंद्रांवर आपण भरभरून बोलतो, पण त्यांच्या समोर उभं राहून उत्तर देणाऱ्या माणसाबद्दल क्वचितच बोलतो.

प्रश्नोत्तरांतून

प्रश्न: सर, असं म्हटलं तर सी. रामचंद्र यांचं श्रेय कमी नाही का होत?

उत्तर: नाही होत. उलट वाढतं. चालीत मोकळ्या जागा सोडायला धाडस लागतं. बहुतेक संगीतकार जागा दिसली की भरून टाकतात. अण्णांनी ती जागा दुसऱ्याला दिली आणि ती भरू शकेल असा माणूस निवडला. सवाल चांगला असल्याशिवाय जवाब चांगला येत नाही. आमचं म्हणणं एवढंच की सवाल अण्णांचा असेल तर जवाब वाझ यांचाही आहे, असं म्हणायला काय हरकत आहे?

प्रश्न: आम्ही रागदारी ऐकणारे लोक. यातलं ऐकायला सुरुवात कुठून करावी?

उत्तर: क्रमाने ऐका. आधी बेसी स्मिथ आणि आर्मस्ट्राँग यांचं १९२५ चं 'सेंट लुई ब्लूज', म्हणजे उत्तर देणं म्हणजे काय ते कळेल. मग आर्मस्ट्राँगचं १९२८ चं 'वेस्ट एंड ब्लूज'. त्याच्या सुरुवातीला ट्रंपेट एकटाच बोलतो, ती जागा आलापासारखी ऐका. त्यानंतर 'अलबेला' पूर्ण, अंगाईसकट. शेवटी 'नादान'मधला तलत. गायकाकडे जरा दुर्लक्ष करून मधल्या जागा ऐका. आणि पुढच्या वेळी गल्लीत बँड आला, ट्रंपेटवाल्याने तो तुकडा वाजवला, तर शेजाऱ्याला सांगा, हा तुकडा हळदोण्याच्या वाझ यांच्या ट्रंपेटवरून इथवर आलेला आहे.